सगळ्यांत तुझंच तोंड उघडं होतं

शांतवना,

काल तुझी माती झाल्यावर परत येताना पाळकसाहेबांनी मला गाडीत पुढे बसवलं. म्हणाले, मंडळीच्या पत्रकात तुझ्यावर एक पान येणार आहे, ते मी लिहायचं. जन्म कुठला, बाप्तिस्मा कोणी दिला, खडी फोडायच्या क्रशरवर किती वर्षं होतास, मागे कोण कोण आहे, ते सगळं तुझा विजय लिहून देणार आहे. मी म्हटलं, मग माझ्यासाठी काय ठेवलंत? ते म्हणाले, "तुमचं दोघांचं भांडण राहिलंय ना, ते लिहा."

म्हणून तेच लिहितो. मी तिसरीपर्यंत शिकलेला माणूस. नातीला सांगितलंय, अक्षर वळणदार कर, मजकुराला हात लावायचा नाही.

गुरुवारी दुपारी जेवून आडवा झालास तो उठलाच नाहीस. मार्थावहिनी चहा घेऊन आली, आणि कप तिच्या हातातच राहिला. सगळे म्हणतात मरण सोन्यासारखं आलं. मी म्हणत नाही. मागच्या रविवारी बाकावर बसून मी तुला सांगितलं होतं, पुढच्या रविवारी उत्तर देतो. आणि तू मध्येच उठून गेलास. वादात असं करत नाहीत, शांतवना. चुलीवर भात ठेवून कोणी गावाला जातं का?

पत्रक वाचणाऱ्यांत नवी माणसं पण आहेत, त्यांना कळावं म्हणून मागचं थोडं सांगतो. तुला माहीत आहे, तरी ऐक. तू माझं बोलणं पुरं ऐकून घेतल्याचं मला आठवत नाही, आता सवड आहे.

आपल्या मंडळीतल्या शलोमीला तिच्या आईनं किडनी दिली. देवाच्या कृपेनं ती लागू पडली. पण डॉक्टरांनी सांगितलं, परक्या किडनीशी अंगानं भांडू नये म्हणून जन्मभर गोळ्या, आणि त्या गोळ्यांनी अंगातली ताकद कमी राहणार. आपल्याला साधं पडसं होतं, तिला त्याच पडशानं दवाखाना दिसेल. गर्दीत जायचं नाही. झालं, पोरगी घरी बसली. परकरी वयापासून तुझ्या पेटीशेजारी बसून गाणारी पोरगी, तूच तिला पेटी शिकवलीस, आणि ती रविवारची उपासना मोबाइलवर बघायला लागली.

तू एकदा तिच्याकडे खांदा कॉलनीत गेलास. वर गेला नाहीस, तुला खोकला होता. तुझा तो जुना खोकला, क्रशरनं दिलेला. ती वर गॅलरीत, तू खाली रस्त्यावर. वरून तिनं एक कडवं म्हटलं, खालून तू दुसरं. भाजीवाला तुला म्हणाला, "आजोबा, चावी विसरलात का?" हे तू मला सांगितलंस तेव्हा हसत होतास. मग हसता हसता चष्मा काढून पुसलास. मला तेव्हाच कळलं, आता हा काहीतरी करणार.

पुढच्या कमिटीत तू उभा राहिलास. म्हणालास, एवढ्या मोठ्या मंडळीत एका पोरीला बसायला जागा होत नसेल तर 'सर्वांचे स्वागत असो' ही दारावरची पाटी उतरवा. रविवारचे दोन तास सगळ्यांनी तोंडाला मास्क लावायचा, खिडक्या उघड्या ठेवायच्या, म्हणजे तिला येता येईल. केवढा गोंधळ झाला. कोण म्हणालं, कोरोना जाऊन जमाना झाला. कोण म्हणालं, शेजारच्या सोसायटीतले हसतील. एक जण म्हणाला, तिनं लावावा की, आम्ही कशाला? तू म्हणालास, "ती लावतेच. तिची एक बाजू झाली. दुसरी बाजू आपली हाय."

पाळकसाहेबांनी जबरदस्ती केली नाही. दाराशी वेताची टोपली ठेवली, मास्कांनी भरलेली. दोन-तीन रविवारांत सगळ्यांनी घेतले. शलोमी आली. तिला बघून तू पेटीवर जे काही वाजवलंस ते मी बाहेरून ऐकलं.

बाहेरून, कारण मी लावला नाही.

माझं म्हणणं मी तेव्हाही सांगितलं होतं, आजही तेच आहे. देवाच्या घरात जाताना माणूस पायातलं काढतो, डोक्यावरचं काढतो. आणि तोंड बांधायचं? तोंड चोर बांधतो. मी देवापुढे माझ्या तोंडानं जाईन. मरायची मला भीती नाही, असं मी तुला ऐकवलं. तू म्हणालास, "तुझ्या मरणाचं कोण बोलतंय, लेका? तू मरशील तेव्हा मी पेटी वाजवीन की."

वाजवणार होतास. आठवण ठेव.

पण पोरीला माझ्यामुळे काही व्हावं इतका मी दगड नाही. म्हणून मी आपणहून उठलो आणि बदामाच्या झाडाखालच्या बाकावर जाऊन बसलो. खिडकीतून सगळं ऐकू येतं. प्रभुभोजनाच्या रविवारी पाळकसाहेब भाकर घेऊन बाकापर्यंत यायचे. तूच त्यांना पाठवत होतास, मला माहीत आहे. ते कधी बोलले नाहीत, पण त्यांच्यामागे दारात तू उभा असायचास, पेटीचा भाता सोडून.

तुझं दुखणं काय होतं तेही मला माहीत होतं. पेटी आत आणि माझी ढोलकी कपाटात. किती वर्षं आपण त्या सतरंजीवर गुडघ्याला गुडघा लावून बसलो. तू सूर धरायचास, मी ठेका, आणि कोणी चुकलं की दुसरा फक्त भुवई उचलायचा. तू मला एवढंच सांगायचास, आत ये आणि बस. बाकी तुझं काही मागणं नव्हतं. मी बाकावर बोटांनी ठेका धरायचो. उपासना झाली की तू दोन कप चहा घेऊन बाहेर यायचास, लांब टोकाला बसायचास आणि म्हणायचास, "आज तिसऱ्या कडव्यात बाक मागं पडला."

"बाक नाही पडला. पेटी पळाली."

"आत येऊन धर की मग तिला."

असे आपले रविवार.

आणि तो बाप्तिस्म्याचा रविवार. मास्कमुळे तुझ्या चष्म्यावर वाफ धरली, तुला पुस्तकातलं दिसेना, आणि लेकराच्या बाप्तिस्म्याला तू मातीच्या वेळचं गीत सुरू केलंस. अर्धी मंडळी सवयीनं म्हणायलाही लागली. बाळाची आजी रडकुंडीला आली. मी खिडकीशी जाऊन गज वाजवले, "अरे शांत्या, लेकरू हाय ते, लेकरू." मंडळी हसली, पाळकसाहेब हसले, बाळ तेवढं रडलं. मी म्हटलं, बघ, तोंड बांधल्यानं काय होतं ते. तू म्हणालास, "चष्म्याचा दोष हाय. तोंडाचा नाही." हरायचं नाही हे तूही ठरवूनच आला होतास.

तुझा एक घाव मात्र मला लागला होता. तेव्हा मी दाखवलं नाही, आता लिहितो.

कोन गावाच्या पुढे ज्या क्रशरवर आपण उमर घालवली तिथे आपण सकाळी पंचा ओला करायचो, दोन घड्या घालायचो आणि नाकातोंडावर बांधायचो. दिवसभर माणूस डोळ्यांवरनंच ओळखायचा. जेवायला बसताना पंचा सोडला की कपाळ राखेसारखं पांढरं आणि नाकाखाली काळा माणूस. नवीन मजूर बघून दचकायचे. तू हसलास की पंच्याच्या आत हसलास तरी मला कळायचं, तुझे कान मागे जायचे. तो पंचा आपण कधी लाजेनं बांधला नाही. उलट कोणी विसरला तर आपला फाडून अर्धा द्यायचो.

तर तू एकदा चहा पिता पिता म्हणालास, "तिथं बांधत व्हतास तो कोणासाठी?"

"माझ्यासाठी. धूळ जाऊ नये म्हणून."

"म्हणजे स्वतःसाठी बांधला तर शहाणपण, आन दुसऱ्यासाठी बांधायचा तर लाज. प्रभूनं पंचा कमरेला बांधला आन दुसऱ्याचे पाय धुतले. तुला तोंडाला बांधायला जड जातो."

मी चहा अर्धा टाकून उठलो होतो. साखर जास्त झाली म्हणालो. साखर बरोबर होती.

मग तू मोशे काढलास. मोशे डोंगरावर देवाला भेटून खाली उतरला, त्याच्या तोंडावर तेज आलं होतं, लोक भ्यायले, तेव्हा त्यानं तोंडावर पडदा घेतला. तू बोट नाचवून म्हणालास, "बघ. त्याला स्वतःला काय भीती नव्हती. पडदा लोकांसाठी घेतला त्यानं. दुसऱ्यासाठी तोंड झाकणारा पहिला मोशे."

घरी जाऊन मी शास्त्र उघडलं. मला वाचायला वेळ लागतो, बोट ठेवून वाचावं लागतं. आठवडाभर तेच पान. आणि मला पुढची ओळ सापडली. तू ती सोडली होतीस, मुद्दाम की विसरून ते देव जाणे. मोशे पुन्हा देवापुढे जायचा तेव्हा पडदा काढायचा. लोकांत आला की घ्यायचा, देवापुढे गेला की काढायचा.

शांतवना, तो रविवार येईपर्यंत मला झोप नव्हती. कधी एकदा उपासना संपते आणि तू चहा घेऊन येतोस असं झालं होतं. तू बसलास आणि मी तुझ्यापुढे ती ओळ ठेवली. म्हटलं, मंदिर म्हणजे देवापुढे. देवापुढे मोशे उघड्या तोंडानं गेला. आता बोल.

तू कपात फुंकर मारलीस. चहा संपवलास. मला वाटलं, जिंकलो. मग तू चपलेत पाय घालत अगदी हळू म्हणालास, "मोशे एकटा जात व्हता रे. आपण आत जातो तेव्हा देवापुढंच असतो, खरं हाय. पण शेजारी शलोमी बसलेली असती, ती कोण?"

मी कप खाली ठेवला. म्हटलं, पुढच्या रविवारी उत्तर देतो.

तू खांद्यावर हात ठेवलास. "दे की. मी कुठं चाललोय?"

तो मागचा रविवार.

काल दुपारी तुला मंदिरात आणलं. नगरकडून तुझी सगळी माणसं टेम्पो करून आली होती, सगुणाआत्या पुढे. विजयनं टोपली भरून दाराशी ठेवली होती, बापाचं एवढं एक राहिलेलं काम त्यानं आठवणीनं केलं. पण कोणाला काय माहीत? नगरची माणसं टोपलीकडे बघून आत गेली, आणि त्यांचं बघून आपलीही गेली. दुःखात कोण आठवतं. खच्चून भरलं मंदिर, कोणाचं तोंड झाकलेलं नाही, अर्धी माणसं रडतायत, नाकं शिंकरतायत.

मी माझ्या बाकाकडे वळलो तर बाकावर शलोमी बसलेली. तोंडाला मास्क, मांडीवर गीतांचं पुस्तक. शेजारी तिची आई उभी.

मी म्हटलं, "इथं का बसलीस? आत जा. त्याची पेटी कोण वाजवणार?"

"आत खूप गर्दी आहे, आजोबा. कोणी लावलेला नाही. मी इथूनच ऐकते." आणि थोडं थांबून म्हणाली, "तुम्ही बसता तसं."

तिनं टोमणा मारला नव्हता. तसं असतं तर मी उत्तर दिलं असतं. तिला खरंच वाटत होतं की ती पण एक बसायची जागा आहे, म्हातारा बसतो, आपणही बसू. तुझ्या हाताखाली शिकलेली पोरगी, तुझ्या मातीला, बाहेर. ज्या जागेसाठी तू कमिटीशी भांडलास ती जागा तुझ्याच दिवशी गेली.

माझं डोकं फिरलं. मी दारात गेलो आणि क्रशरवर ओरडायचो तसा ओरडलो, आता सुरुंग उडणार म्हणून ओरडायचो तसा. "टोपलीतला मास्क घेतल्याशिवाय कोणी आत बसायचं नाही. घ्या, नाहीतर बाहेर या. बाहेर बसून मरत नाही माणूस, मी बसलोय."

सगळे वळले. सगुणाआत्या पुढच्या बाकावरून उठली. तुझीच बहीण ती. माझ्याकडे खालपासून वरपर्यंत बघून म्हणाली, "आन तुमचं तोंड वो, बाबा? ते काय देवानं येगळं घडवलंय?"

सगळं मंदिर माझ्या तोंडाकडे बघत होतं. तू असतास तर तुझे कान मागे गेले असते. पाळकसाहेब वर छताकडे बघत होते. हसू आवरत होते, मी बघितलं.

टोपलीतला मास्क मी घेतला नाही. ते होणार नव्हतं. खांद्यावरचा पंचा काढला, दोन घड्या घातल्या आणि बांधला. इतक्या वर्षांनी हात आपोआप गेले, गाठ मानेवर बसायची तिथेच बसली. मग म्हटलं, "हं, आत्याबाई. आता तुमचं."

आत्यानं पहिला मास्क उचलला. तिच्यामागून सगळ्यांनी. तिनं तो हनुवटीवर लावला, मी म्हटलं, हनुवटीला काही होत नाही, वर घ्या. विजय धावत खिडक्या उघडत गेला. मी बाहेर येऊन शलोमीला म्हटलं, चल. ती माझ्याकडे बघत राहिली. म्हटलं, बघतेस काय, पंचा आहे.

आत आलो. दीड वर्षानं आलो असेन. आणि तुझ्याकडे बघितलं.

शवपेटीचं झाकण उघडं होतं. तू त्या निळ्या कोटात, दाढी केलेला. मी मान वळवून सगळ्या मंदिरात बघितलं, सगळी तोंडं झाकलेली, बायका, पुरुष, पाळकसाहेब, नगरची माणसं, मी. सगळ्यांत तुझंच तोंड उघडं होतं. तेवढं एकच.

तेव्हा मला तुझ्या प्रश्नाचं उत्तर कळलं. तिथेच उभ्या उभ्या. सांगतो, जरा थांब.

शलोमी पेटीवर बसली. कोणीतरी कपाटातून माझी ढोलकी आणली. कातडं सैल पडलं होतं, कड्या ओढून ओढून बऱ्या केल्या. गुडघा मोडून सतरंजीवर बसलो तर शेजारचा गुडघा तुझा नव्हता, जागा सोडून बसलेल्या पोरीचा होता. तिनं सूर धरला. त्या दिवशी तू बाप्तिस्म्याला चुकून वाजवलं होतंस ना, तेच गीत. या वेळी बरोबर होतं.

आणि शांतवना, एक गोष्ट तू मला कधी सांगितली नाहीस. वाद घालायला मोशे आणलास, प्रभूचा पंचा आणलास, क्रशर काढलंस, पण हे नाही सांगितलंस, की पंच्याच्या आत माणूस रडला तर कोणाला दिसत नाही. माझे ओठ कापत होते, नाक वाहत होतं, सगळा पंचा ओला झाला, क्रशरवर पाण्यानं करायचो तसा. आणि समोर तुझी सगळी नगरची माणसं मला बघत होती आणि त्यांना फक्त एक म्हातारा ताठ बसून ढोलकी वाजवताना दिसत होता. हे आधी सांगितलं असतंस तर मी केव्हाच आत आलो असतो.

तिसऱ्या कडव्यात मी मागे पडलो. शलोमीनं माझ्याकडे बघितलं, भुवई उचलली, आणि थांबली. मी आल्यावर पुढे गेली. हे तिला कोणी शिकवलं ते विचारत नाही.

आता उत्तर. उद्या द्यायचं होतं, आजच देतो, नाहीतर परत म्हणशील बाक मागं पडला.

मोशे देवापुढे एकटा गेला की पडदा काढायचा, बरोबर आहे, माझी ओळ बरोबरच होती. तू आता एकटा गेला आहेस. म्हणून तुझं तोंड उघडं होतं आणि ते तसंच असायला पाहिजे होतं. आम्ही अजून खाली आहोत, डोंगराच्या पायथ्याला, शेजारी माणसं घेऊन बसलेले. इथे आहोत तोवर झाकायचं. वर आलो की काढायचं. म्हणजे तुझंही खरं आणि माझंही खरं. मी हरलो असं या पानावर कुठेही लिहिलेलं नाही, बघून घे. नातीलाही विचारलं, तिनंही तेच सांगितलं.

मी येईन तेव्हा पेटी वाजवायचं तू कबूल केलं होतंस. ते आता तिकडच्या दाराशी वाजव. पण लेकराच्या वेळचं काढ, मातीच्या वेळचं नको.

उद्या रविवार. सुनेनं विचारलं, हा पंचा धुवायला टाकू का? मी म्हटलं, मी धुतो. धुतला, पिळला, गॅलरीत वाळत घातला आहे. सकाळपर्यंत वाळेल.